वरातीमागून गाढव

“माह्या गाढवावर तुमी कोणाची वरात बसवली जी?”

जयवंता हे वाक्य एकदाच बोलली. चौऱ्याण्णव सालचा मे महिना, भर दुपार. ती लोखंडी पेटीपुढे उकिडवी बसली होती. हातात जुन्या खणाचा तुकडा होता आणि त्यात गुंडाळून ठेवलेली वस्तू नव्हती. तिचे यजमान नानाजी म्हणाले, “चुकून गेली अशीन. सीझनची धावपळ. बाकीच्या कॅसेटायसंगं गेली.” तिने खण झटकला, चौपदरी घडी केली, पेटीत ठेवला आणि पेटी लावली. पुन्हा तो विषय नाही. ती भांडली असती तर नानाजींना बरं वाटलं असतं. भांडणाला शेवट असतो.

समुद्रपूरच्या स्टँडजवळ नानाजींचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. खेड्यापाड्यांत बारशाला, लग्नाला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने द्यायचा, सीझनमध्ये लग्नाची शूटिंग करायची, असा धंदा. कॅसेटी नेहमी कमी पडत. म्हणून ते वर्ध्याच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या कॅसेटी आणत, पुसून वापरत. एक्क्याण्णव साली आणलेल्या पोत्यात एक वेगळी निघाली. तिच्या अंगावर निळ्या शाईने तिरप्या इंग्रजी अक्षरांत काही लिहिलेलं होतं. कोण्या गोऱ्या घरातलं सामान असावं. विलायतेतल्या मावशीने नाहीतर आत्याने तिकडच्या टीव्हीवरून भरून इकडच्या पोरांना धाडलेली; पोरं मोठी झाली, मायदेशी गेली, आणि कॅसेट मागे राहिली.

नानाजींनी ती तपासायला लावली आणि बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. जयवंता तांदूळ निवडत होती. परत आले तर सूप तसंच मांडीवर, आणि ती पडद्याकडे पाहत बसलेली.

तीन तासांचा लहान मुलांचा कार्यक्रम होता तो, एकामागून एक भाग. विटकरी रंगाचा मोठा दिवाणखाना, जमिनीवर मांड्या घालून बसलेली पोरं. चौकडीच्या कोटातला एक उंच माणूस सगळ्यांची ओळख करून द्यायचा आणि दर वेळी कुणीतरी त्याच्या तोंडावर साबणाच्या फेसाची थाळी मारायचं. एक बाई दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन चित्रं काढायची. शेवटी कळायचं, चित्र एकच आहे. एक जादूगार होता, त्याचं कबुतर त्याचं ऐकत नसे. आणि सगळ्यांत शेवटी यायचं गाढव. कापडाचं गाढव, आत दोन माणसं. पुढचे पाय दाराकडे निघायचे, मागचे पाय खिडकीकडे. मध्ये पोट ताणलं जायचं आणि पोरं लोळायची.

पोटभर इंग्रजी, घरात कुणाला एक शब्द कळेना. जयवंताने आवाज बंद केला आणि स्वतः बोलायला लागली.

तिचं माहेर आष्टीकडचं. बाप आठवडी बाजारात कपड्याचं दुकान मांडायचा. सात-आठ वर्षांची जयवंता गठ्ठ्यावर बसून गिऱ्हाइकांच्या हुबेहूब नकला करायची. घासाघीस करणारी म्हातारी, उधारी मागणारा पाटील, फडकं हुंगून पाहणारा. बाप डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. ती अकरा वर्षांची झाली तसा एक दिवस हसला नाही. “बस कर आता. पोरीच्या जातीनं बजारात नकला नाई करा लागत.” तेव्हापासून तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. वीस वर्षांनी तो समुद्रपुरात एका मुक्या कॅसेटसमोर उघडला.

दर रविवारी दुपारी गल्लीतली पोरं तिच्या खोलीत जमायला लागली. तिची दोन, प्रफुल आणि मयुरी, सगळ्यांत पुढे. खिडकीला चादर लावलेली, बाहेर ऊन पांढरं झालेलं, जिनिंगमधून उडालेला कापूस दारात आलेला. पडद्याच्या निळसर उजेडात जयवंता भिंतीला टेकून बसायची आणि तिच्या तोंडून दहा माणसं बोलायची. गाढवाच्या पुढच्या पायांना तिने एक आवाज दिला होता, मागच्यांना दुसरा.

“अवो, सांगा तं, कोठी चाल्लो आपण?” मागचे पाय विचारायचे.

“तू चाल ना. मले दिसून राह्यलं.”

“तुमाले दिसून राह्यलं, पन मले तुमची पाठच दिसून राह्यली!”

नानाजी आतल्या खोलीत सोल्डरिंग करत हे ऐकायचे. एखाद्या रविवारी उठून दारात उभे राहायचे. त्यांची सावली पडली की तिचा आवाज खाली यायचा. पोरं वळून बघायची, गप्प व्हायची. ते परत आत जायचे आणि थोड्या वेळाने हसण्याची लाट पुन्हा यायची. आपल्याच घरात आपण दाराबाहेर उभे आहोत, हे माणसाला कुणाजवळ सांगता येत नाही.

त्यात ब्याण्णवचा तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, घरोघरी बोजारा मागतात. कुणी रुपया देतं, कुणी खाऊ. जयवंताने चार पोती उसवली आणि गाढव शिवलं. प्रफुल पुढे, मयुरी मागे. देवळापुढच्या रांगेत लाकडी बैलांमध्ये ते पोत्याचं गाढव जाऊन उभं राहिलं. तानबा कोतवाल काठी आपटत म्हणाला, “काऊन गा, बैलायच्या सणाले गाढव? कोनाचं हाय हे?”

गर्दीतून गाढव बोललं. म्हणजे बायकांच्या घोळक्यातून पदराआडून कुणी बोललं, पण सगळ्यांना वाटलं गाढवच बोललं. “मामाजी, बैलायची पूजा करा, पोळी खाऊ घाला. म्या काई मांगतलं का? वरीसभर तुमची रेती वाह्यतो, एक दिवस रांगेत तं उभं राहू द्या!”

असं हसू त्या देवळापुढे कधी झालं नव्हतं. त्या दिवशी गाढवाला नंद्यांपेक्षा जास्त बोजारा मिळाला. कुणीतरी नानाजींच्या पाठीत थाप मारली, “तुह्या घरात तं नाटक कंपनी हाय रे! तू काय पडदा ओढतं काय?” नानाजी सगळ्यांबरोबर हसले. थाप मात्र पाठीवर राहिली.

चौऱ्याण्णवच्या मेमध्ये गिरडला अण्णाजी नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं, रक्षाचं लग्न होतं. निघताना नानाजींनी तीन कॅसेटी पिशवीत टाकल्या. जयवंता विहिरीवर होती. त्यांनी पेटी उघडली, खण सोडला आणि चौथी म्हणून गाढवाची कॅसेट टाकली. असू द्या जवळ, असं स्वतःशीच म्हणाले. तेव्हा त्या भागात मिक्सिंगबिक्सिंग नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्यात भरली तीच कॅसेट लग्नघरी द्यायची. हळदीत एक भरली, दुसरीची फीत अडकली, तिसरीवर बुरशी निघाली. अक्षता वाटल्या जात होत्या. त्यांनी चौथी काढली. तिच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडलेली होती. अशी टिकली कुणीतरी मुद्दाम मोडतं, वरून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून. त्या भोकावर पट्टी चिकटवली की मात्र भरता येतं. नानाजींनी नवरीच्या आईकडून, प्रमिलाबाईंकडून, रुखवताच्या ताटांवर नावं चिकटवायला आणलेली चिकटपट्टी मागून घेतली. एक तुकडा तोडला. अंगठ्याने नीट दाबून बसवला.

चुकून जाते ती वस्तू हातातून जाते. अंगठा चुकून दाबत नाही.

त्यानंतरच्या रविवारी पोरं आली. जयवंताने बंद टीव्हीपुढे कार्यक्रम सांगितला. काही महिने असंच चाललं. मग गावात केबल आली, पोरं एकेक करून दुसऱ्या घरांत गेली, आणि एका रविवारी कुणीच आलं नाही. तिने चादर काढली. खोलीत ऊन आलं.

पुढे ती दुकानात बसायला लागली. कमी बोलायची, पण रुसलेली नव्हती. दुपारी कधी बंद पडद्यासमोर उभी राहायची. पडद्याच्या फुगीर काचेत सगळी खोली वाकून मावलेली असते. त्यात ती काय शोधायची हे नानाजींना ठाऊक होतं. वर्षं गेली तसा तो कार्यक्रम तिच्यात मुरून दुसराच होत गेला. जादूगाराला तिच्या बापाचा चेहरा आला. त्याच्या बाहीतून कबुतराऐवजी कापूस निघायचा. एकदा तिने प्रफुलला विचारलं, “ते दोन हातानं चित्र काढे ना, त्या बाईचं लुगडं कोन्त्या रंगाचं होतं रे?”

“आई, तिकडं लुगडं कोठलं? झगा होता.”

“नाई, लुगडंच होतं,” ती शांतपणे म्हणाली. “हिरवं.”

नानाजी हिशेब मांडत राहायचे. पैशाचा नाही, फितीचा. कॅसेट तीन तासांची. लग्न भरलं दोन तास वीस मिनिटं. म्हणजे शेवटची चाळीस मिनिटं जिवंत असली पाहिजेत. गिरडला, कोणाच्या तरी कपाटात. सात कोसांवर. जाऊन मागायला काय लागत होतं? पण मागायचं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर अंगठा दाखवावा लागला असता.

दोन हजार सहा साली प्रफुलने दुकानावर पाटी लावली: कॅसेटची सीडी करून मिळेल. लोक पिशव्या भरभरून आपली लग्नं घेऊन येऊ लागले. पावसाळा संपता संपता, एका दुपारी प्रमिलाबाई आल्या. केस पांढरे, कपाळ मोकळं. प्रफुल कोऱ्या सीड्या आणायला हिंगणघाटला गेला होता. काउंटरवर जयवंता, आतल्या खुर्चीत नानाजी.

“भाऊ, वळखलं का? गिरडची. रक्षाच्या लग्नाची शूटिंग तुमीच केलती.” त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कॅसेट काढली. “रक्षाचे बाबा गेले. त्यायचा हालताबोलता फोटो हा एवढाच. पयले चालते का पाहून द्या बाप्पा. पाठवणीवर लावून ठेवली हाय.”

नानाजी उठले नाहीत. जयवंतानेच कॅसेट हातात घेतली. नव्या लेबलाच्या कडेने निळ्या शाईची दोन अक्षरं बाहेर डोकावत होती. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली.

“अन् ते शेवटी गाढवाचं हाय ना, ते काढजा नोका हं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “पाठवणीत आमी सारे रडतो, मंग गाढव येते अन् नातू हासून हासून लोयते. मी तं म्हनतो, शूटिंगवाल्याले काय सुचलं पाहा! पन भाऊ, तुमी तं म्हनलते सारं पुसल्या जाईन.”

“कवा म्हनलते?” जयवंताने विचारलं. आवाज साधा होता.

“मांडवातच ना वो. चिकटपट्टी मीच तं देल्ली. मी म्हनलं, यावर काईतरी लिवलं हाय जी. तं म्हने, घरच्या पोरायचं हाय, पुसलं तं चालते.”

रस्त्यावरून एसटी गेली. काचा थरथरल्या. जयवंताने कॅसेट मशीनमध्ये सरकवली.

मांडवाचं दार. रक्षा बापाच्या गळ्यात. अण्णाजी डाव्या हाताने तिचा शेला सारखा करतात, उजव्या हाताने कॅमेऱ्याला बाजूला हो म्हणतात. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. गाडी हलली, धूळ उठली, आणि धुळीचेच पांढरे ठिपके सगळ्या पडद्यावर पसरले. त्या ठिपक्यांतून, जणू त्याच वरातीमागून चालत, गाढव आलं.

रंग विटले होते. विटकरी दिवाणखाना आता संध्याकाळसारखा दिसत होता. पोरं तिथेच बसलेली, एकही मोठं झालेलं नाही.

“काय म्हनते ते, आमाले तं कधी समजलंच नाई,” प्रमिलाबाई ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या.

जयवंताने आवाज बंद केला. मग बारा वर्षांनी मागचे पाय बोलले.

“अवो, कोन्या गावाले आलो हे?”

“चुकून आलो,” पुढचे पाय म्हणाले. तो आवाज हुबेहूब नानाजींचा होता. प्रमिलाबाई खुदकन हसल्या.

“चुकून कसे जी? दोनदा थांबले तुमी. एकदा पेटीपाशी, एकदा मांडवात.”

“तुले काय दिसते मांगून?”

“रस्ता नाई दिसत. पाठ दिसते ना. पाठीले समजते, पाय घसरला का वळवला.”

गाढवाचं पोट ताणलं गेलं, ते मधोमध धपकन बसलं, विलायती पोरं लोळली. प्रमिलाबाई पोट धरून हसत होत्या, “अगं माय, असं म्हनते का ते!” नानाजींच्या हाताचा अंगठा मुठीत गेला होता. आज पहिल्यांदा तिने त्यांच्यासमोर आवाज खाली आणला नव्हता.

चाळीस मिनिटं ती बोलली. मग फीत संपली आणि मशीन आपोआप थांबलं.

“जयवंता,” नानाजी म्हणाले, “म्या त्या दिवशी...”

तिने कॅसेट बाहेर काढली, उलटी केली. पाठीवरची चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. तिने नखाने तिची कड उचलली आणि सावकाश, फाटू न देता, अख्खी सोलून काढली. भोक उघडं झालं. कॅसेट तिने प्रमिलाबाईंच्या हातात दिली. पट्टी काउंटरच्या काचेवर नानाजींच्या समोर ठेवली आणि अंगठ्याने नीट दाबून बसवली.

मग पायात चपला घातल्या आणि पायरी उतरून उन्हात निघून गेली.