सेव्ह करायचं राहिलं होतं

रुग्णालयात तिला सगळे हॅलोताई म्हणत. बावीस वर्षं तिने तळमजल्यावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दिवसातून तीन-चारशे वेळा तोंडून 'हॅलो' निघत असेल, तर माणसाचं खरं नाव लक्षात कोण ठेवणार? कुठल्या डॉक्टरांचा आवाज सकाळीच चढलेला असतो, कुठल्या वॉर्डातली सिस्टर सातव्या रिंगशिवाय फोन उचलत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं.

मग एक्स्चेंज मोडीत निघालं. जुना बोर्ड चार माणसांनी उचलून नेला आणि अधीक्षकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, आता फोनही संगणकाच्या तारांवरून चालणार. तारांमधलं तुम्हाला कळतं. नेटवर्क तुम्हीच सांभाळा."

तारांमधलं कळतं म्हणजे कुठली तार कुठल्या भिंतीतून जाते एवढं कळत होतं. बाकी सगळा आनंदच होता. पण नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. पन्नाशी उलटलेली असताना तिने दोनशे पानी वही आणली आणि शाळकरी मुलीसारखी शिकायला बसली. नवरा शिंपी, नुकतंच दुकान बंद करून घरी बसलेला. सकाळच्या चहाला तो विचारी, "आज कसला धडा?"

"स्विचचा."

"म्हणजे दिव्याचा खटका ना? तो तर मी रोज दाबतो. त्याला धडा कसला लागतो?"

ती हसून सांगू लागली की हा स्विच म्हणजे चोवीस भोकांची पेटी. प्रत्येक भोकात एका संगणकाची वायर. कुणी कुणाशी बोलायचं हे पेटी ठरवते. आणि पेटीला हुकूम द्यायचा तर स्क्रूड्रायव्हर लागत नाही. संगणकावर तिचा पत्ता टाकला की तिचं पान उघडतं, जसं बातम्यांचं उघडतं तसं. त्या पानावर टिचक्या मारायच्या, पेटी ऐकते.

"म्हणजे तुझं जुनंच काम," नवरा म्हणाला. "याला जोड, त्याला तोड."

त्याच्या या बोलण्याने तिला मोठा धीर आला.

पहिला स्विच प्रयोगशाळेच्या पॅसेजमधल्या कपाटात बसवायचा होता. तिने आठ दिवस वहीत तयारी केली. प्रयोगशाळेचे संगणक एका गटात, फायलींचे कारकून दुसऱ्यात, बाहेर बसलेल्या नातेवाइकांचं वायफाय तिसऱ्यात, म्हणजे कुणाचा पाय कुणाच्या पायात नको. ठरल्या दिवशी ती लॅपटॉप मांडीवर घेऊन कपाटासमोर स्टुलावर बसली. शेजारी फरशी घासायचं मशीन थांबवून पॉलिशवाली उभी होती.

पॉलिशवाली तिची जुनी मैत्रीण. दोघी साधारण एकाच वयाच्या, एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. मागच्या जिन्यात बसून डबा खायचा हा दोघींचा वर्षानुवर्षांचा नेम. पॉलिशवालीच्या गुडघ्यांचं दुखणं, हॅलोताईच्या सासूचा स्वभाव, काहीच एकमेकींपासून लपलेलं नव्हतं.

"हे हिरवं-हिरवं काय गं?" पॉलिशवालीने वाकून विचारलं.

"ही भोकं. हिरवं झालं म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं आहे."

"माझ्या मशीनला पण एक भोक दे," ती म्हणाली. दोघी खिदळल्या.

हॅलोताईने पेटीला नवा पत्ता दिला, नवा पासवर्ड दिला, एकेक भोक आपापल्या गटात टाकलं आणि 'लागू करा'चं बटण दाबलं. आतून ओरड आली, "आला! रिपोर्ट वॉर्डात दिसतोय!" तेवढ्यात अधीक्षक आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिथे आले. अधीक्षकांनी टाळ्याच वाजवल्या. "बघा, बाहेरचा इंजिनिअर न बोलावता!" हॅलोताईचा चेहरा फुलला. तिने लॅपटॉप फिरवून दोघांना पान दाखवलं, ती हिरवी रांग दाखवली, आणि कौतुकाच्या भरात झाकण मिटलं.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक छोटं बटण लुकलुकत होतं. 'सेव्ह'. 'लागू करा' म्हटलं की स्विच लगेच ऐकतो, पण ऐकलेलं कायमचं लक्षात ठेव असं त्याला वेगळं सांगावं लागतं. तिच्या वहीत हे लिहिलेलं होतं. लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून.

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. तेराव्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास प्रयोगशाळेतून फोन आला. एकही रिपोर्ट वॉर्डात पोचत नव्हता. हॅलोताई धावत गेली. स्विचचे दिवे तर लागलेले. तिने पत्ता टाकला. पान उघडेना. पुन्हा टाकला. उघडेना. तिने वायरी तपासल्या, कनेक्टर बदलले, लॅपटॉप बंद करून चालू केला. पॅसेजमध्ये माणसं वाढत चालली. चाकाच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसले होते, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आदल्या संध्याकाळपासून उपाशी. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय त्यांना आत घेता येत नव्हतं. ते दर वेळी अगदी हळू आवाजात विचारत, "बाई, घोटभर पाणी घेऊ का?" आणि सिस्टर मान हलवून नाही म्हणे.

दोन तास असे गेले. शेवटी तिने स्विच पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "कारखान्यातून आला तेव्हाचा मूळ पत्ता टाकून बघा."

तिने टाकला. पान उघडलं. तिचा पासवर्ड चालेना. पेटीखाली चिकटवलेला कारखान्याचा चालला. आत गेली तर गट नाहीत, नावं नाहीत, सगळी भोकं एका रांगेत, कोरी करकरीत. वहीतल्या लाल शाईखालच्या दोन रेघा तिला आठवल्या.

"बाई, सेव्ह केलं होतं ना?" इंजिनिअरने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"मग पॉवर गेली तरी जायला नको."

"हं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

वहीवरून तिने सगळं पुन्हा भरलं, आणि या वेळी सेव्ह दाबलं. साडेबारा वाजले. मास्तरांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. अधीक्षक कपाटासमोर उभे राहिले. "काय झालं होतं, ताई?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच मागून पॉलिशवाली म्हणाली, "साहेब, सकाळी मी तो प्लग काढला होता. दोनच मिनिटं. मशीनची वायर पुरत नव्हती. लगेच लावला परत."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. अधीक्षकांनी हॅलोताईला विचारलं, "यानेच झालं?"

"पॉवर गेली की सेटिंग जातात, सर," हॅलोताई म्हणाली.

यात एकही शब्द खोटा नव्हता. त्या दिवशी तसंच झालं होतं. आणि तरी बोलून संपायच्या आत तिला कळलं होतं की आपण काय केलं.

अधीक्षक तडकले. वीस माणसांसमोर त्यांनी पॉलिशवालीला वाट्टेल तसं सुनावलं. अक्कल नाही, डोळे नाहीत, कुणाच्या जिवाशी खेळ चाललाय कळत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. हॅलोताई लॅपटॉपच्या वायरीची गुंडाळी करत राहिली. झालेली गुंडाळी सोडून तिने पुन्हा केली. दुसऱ्या दिवसापासून पॉलिशवालीची बदली तळघरातल्या लाँड्रीत झाली. आणि अधीक्षकांच्या सांगण्यावरून हॅलोताईने आपल्या सुबक अक्षरात कागद लिहून कपाटाशेजारी चिकटवला: 'हा प्लग कोणीही काढू नये.'

त्यानंतर तिने त्या पॅसेजमधून जाणं टाळलं. प्रयोगशाळेत काम निघालं तर ती बाहेरून वळसा घालून मागच्या दाराने जाई. डबा टेबलावरच उघडू लागली. एकदा जिन्यात पॉलिशवाली समोर आली, साडीचा काठ ओला, चेहरा वाफेने लाल. "तुला माझ्यामुळे केवढा त्रास झाला गं त्या दिवशी," ती म्हणाली. "मी घरी रोज स्वतःला शिव्या घालते." "जाऊ दे," हॅलोताई पुटपुटली आणि चटकन वर निघून गेली. पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, पण आरशात बघायचं धाडस झालं नाही.

नवऱ्याला तिने एक दिवस सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि बायकोची बाजू घेत म्हणाला, "पण प्लग तर तिनेच काढला ना?"

हेच वाक्य ती गेला महिनाभर मनातल्या मनात घोकत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं हलकट वाटलं की ती चहा तसाच टाकून उठली.

पुढे दुसऱ्या मजल्यावरही स्विच बसवायचे ठरले. अधीक्षकांनी सगळ्या विभागांच्या लोकांना सभागृहात जमवलं. नेटवर्क म्हणजे काय आणि कशाला हात लावू नये, हे हॅलोताईने सांगायचं. पडद्यावर स्विचचं पान मोठ्ठं दिसत होतं. लाँड्रीची माणसं शेवटच्या रांगेत होती. पॉलिशवालीही.

"मागे प्लग काढल्यावर काय झालं, तेही सांगा," अधीक्षक पुढच्या खुर्चीतून म्हणाले. दोन-चार जण मागे वळून हसले.

हॅलोताईने सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात औषधं देणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी हात वर केला. "वर कोपऱ्यात ते सेव्ह लिहिलंय, ते कशाला असतं?"

हॅलोताईने पडद्यावरच्या त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं.

"ते... ते तांत्रिक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही लागणार." आणि तिने पुढचं पान काढलं.

कुणाला काही खटकलं नाही. टाळ्या पडल्या. पण हॅलोताईचे कान असे तापले होते की अधीक्षक काय बोलले ते तिला ऐकूच आलं नाही. पहिल्या वेळी निदान घाबरून तोंडून गेलं असं म्हणता येत होतं. आज तिला धड विचारलं होतं, आणि तिने शुद्धीवर असताना झाकलं होतं.

सभागृह रिकामं झाल्यावर ती थेट तळघरात गेली. पॉलिशवाली चादरींच्या घड्या घालत होती. तिला बघून तिने समोरचं टोक पुढे केलं आणि हॅलोताईने ते सवयीने धरलं.

"तुझी चूक नव्हती," हॅलोताई म्हणाली. "मी सेव्ह केलं नव्हतं. केलं असतं तर तू दहा वेळा प्लग काढला असतास तरी काही झालं नसतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

पॉलिशवालीने घडी पूर्ण केली. चादर गठ्ठ्यावर ठेवली.

"त्याच दिवशी?"

"हो."

"आणि जिन्यात मी शिव्यांचं बोलले तेव्हाही तुला माहीत होतं?"

"हो."

"मग हे इथे खाली येऊन मला काय सांगतेस?" तिचा आवाज फुटला. "मला वर बोलले ते. सगळ्यांसमोर. जा, वर जाऊन सांग."

हॅलोताई वर गेली. अधीक्षकांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन महिने झाले, ताई. आता कशाला उकरून काढताय? मी तिला गुपचूप वर आणतो, विषय संपवू."

"तुम्ही तिला गुपचूप बोलला नव्हतात, सर," ती म्हणाली. हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना.

सोमवारच्या बैठकीत तिने उभं राहून सगळं सांगितलं. लांबवलं नाही. सेव्ह करायचं राहिलं, ते कळलं, आणि मैत्रिणीवर ढकललं. कुणीतरी मागे "बापरे" म्हणालं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई थंडपणे म्हणाल्या, "आणि ते मास्तर त्या दिवशी उपाशी राहिले."

"तेही माझ्यामुळेच," ती म्हणाली.

अधीक्षकांनी पॉलिशवालीची सर्वांसमक्ष माफी मागितली. थोडी अडखळत मागितली, पण मागितली. हॅलोताईला लेखी ताकीद मिळाली, तिच्या फाइलमधली पहिलीच. नेटवर्कचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण ते घ्यायला दुसरं कुणी पुढे येईना. कपाटाशेजारचा कागद तिने स्वतः खरवडून काढला.

पॉलिशवाली आपल्या मशीनवर परत आली. समोर आली की बोलते, सासूची चौकशीही करते. पण त्या दिवसापासून ती हॅलोताईला 'तुम्ही' म्हणते. हॅलोताईने एकदा विनवून पाहिलं, "अगं, असं काय परक्यासारखं?" पॉलिशवाली म्हणाली, "तोंडात येत नाही हो आता," आणि मशीन सुरू केलं. हॅलोताईने पुन्हा विचारलं नाही.

आता नवीन माणूस कामावर आला की त्याला स्विचचं पान उघडून दाखवायचं काम तिचं असतं. पत्ता कसा टाकायचा, गट कसे पाडायचे, हे शिकवून झालं की ती वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवते आणि आपण काय केलं होतं ते सांगते, मैत्रिणीसकट सगळं. नवीन माणूस अवघडून इकडेतिकडे बघू लागतो. हॅलोताईही त्याच्याकडे बघत नाही. ती पडद्याकडे बघत सांगते, आणि सांगून होईपर्यंत तिचे कान लाल झालेले असतात.