मास्तरांनी गाठलेली शेवटची तारीख

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि शेवटी डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवेना, तेव्हा मास्तरांनी मशीन विकलं. पण हातावर हात धरून बसणं काही त्यांना जमेना. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. सूनबाई मोठ्या इस्पितळात नर्स. तिची ओढाताण पाहून मास्तरांनी एक दिवस जाहीरच केलं, "तुझा गणवेश आजपासून माझ्याकडे."

तिने नको-नको म्हणून पाहिलं, पण मास्तर ऐकतील तर ना! रक्ताचा डाग गार पाण्यात, आयोडिनचा लिंबाच्या रसात, आणि इस्त्री अशी की बाहीच्या घडीने बोट कापावं. अशी पाच वर्षं गेली.

एका मंगळवारी गणवेश भिजवण्याआधी त्यांनी सवयीने खिसे चाचपले. एक चुरगळलेला कागद हाती लागला. फेकायचाच होता, पण 'गणवेश' हा शब्द दिसला आणि मास्तर भिंग घेऊन खिडकीशी बसले. गणवेश घरी, स्वखर्चाने धुणाऱ्यांना त्या खर्चापोटी करात सूट मिळते. मागच्या चार वर्षांचीही मागता येते. पाठीमागे अर्जच छापलेला! आणि तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, सर्वांत जुन्या वर्षासाठी शेवटची तारीख.

मास्तरांनी कॅलेंडर पाहिलं. आजचीच तारीख!

भिजवायचा गणवेश तसाच टाकून ते निघाले. जाता जाता पुरावा म्हणून इस्त्रीचा एक गणवेश पिशवीत टाकला. बस मिळेना, म्हणून अर्धा रस्ता पायीच तुडवला. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर सून औषधांची ट्रॉली ढकलत येत होती. सासऱ्यांना धापा टाकताना पाहून ती घाबरलीच.

"बाबा, काय झालं? दुखतंय का कुठे?"

"काही दुखत नाही! हा अर्ज घे, तुझा कराचा नंबर लिही, सही कर. चारला कर कचेरी बंद होते!"

"अहो, हा कागद मी न वाचताच कोंबला होता..."

"नंतर बोल, आधी सही!"

तिने ट्रॉलीवरच अर्ज भरला आणि मास्तर जिना उतरले ते थेट कर कचेरीच्या रांगेत. खिडकी गाठली तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. आतल्या कारकून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"इस्पितळात धुलाईची सोय आहे?"

"नाही."

"धुलाईभत्ता?"

"छदामसुद्धा नाही."

"मग धुतं कोण?"

"मी!" मास्तर एवढ्या तोऱ्यात म्हणाले की अख्खी रांग वळून पाहू लागली.

"आजोबा, मेहनतीचं काही मिळत नाही हं. खर्चाची रक्कम ठरलेली असते, तेवढ्यावरचा कर परत मिळतो."

"मेहनतीचं मागतंय कोण? साबण, पाणी, वीज... तेवढं सोडू नका म्हणजे झालं!" आणि त्यांनी पिशवीतून गणवेश काढून खिडकीत ठेवला.

"अहो, पुरावा लागत नाही!" बाई हसू दाबत म्हणाल्या. पण त्यांना राहवेना. त्यांनी घडीवरून बोट फिरवलं. "ही इस्त्री घरची?"

"घरचीच. तुमच्या बाहीवरचा शाईचा डागही जाईल. स्पिरिट लावा, चोळू नका."

धाडकन शिक्का पडला. "चारही वर्षं धरली," बाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज मंजूर! रक्कम काही फार मोठी नव्हती, महिन्याचा किराणा निघेल एवढी. पण मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तडक सुनेला फोन लावला आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

"बाबा, पुन्हा वाचा!" तिकडून ती जवळजवळ ओरडलीच.

त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी उभं राहून.

"पैसे तुमचे हं बाबा. काय घ्यायचं तुम्हाला?"

"ते बघू गं पोरी. आधी वॉर्डातल्या सगळ्यांना सांग! त्यांचंही एकेक वर्ष बुडत असेल!"

फोन तसाच चालू राहिला. सून कोणाला तरी हाका मारत धावली, आणि मास्तर कानाला फोन लावून तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिले.