अण्णांची फाईल टोपलीत होती

केजच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर त्या दिवशी तिसऱ्यांदा फॉरमॅट होणार होता... आणि या वेळी घरातली एकही फाईल जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. गोष्ट जुनी आहे. मॉनिटरला मागं हे एवढं पोट असायचं आणि त्यावर आपण क्रोशाचा रुमाल टाकायचो, तेव्हाची. आज जरा स्वतःची पाठ थोपटून घेणार आहे, सांभाळून घ्या.

लाईट कधीही जायची, त्यामुळे कॉम्प्युटर सारखा बसायचा. मग अंबाजोगाईहून कॉम्प्युटरवाले दादा यायचे, चहा प्यायचे आणि फॉरमॅट मारून जायचे. पहिल्या वेळी स्कॅन करून आणलेले लग्नाचे फोटो गेले, दुसऱ्या वेळी लेकीची चित्रं. दादांचं म्हणणं एकच... वहिनी, फॉरमॅट म्हटलं की जाणारच.

मला ते काही पटेना. मी बसस्टँडमागच्या क्लासला तीन महिने जाऊन आलेली बाई! (सून कॉम्प्युटर शिकते म्हणून भावकीत काय कुजबुज झाली, ते सोडा.) क्लासच्या वहीत मी स्वतः लिहून घेतलं होतं की फॉरमॅट सी ड्राइव्हचा होतो, डी तसाच राहतो. आणि आमचं सगळं माय डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सी वरच. दिवाळीआधी दुकानाला चुना मारायचा आणि कापडाचे तागे आतच ठेवायचे, असा प्रकार चालला होता.

हो, आमचं कापडाचं दुकान. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, लकवा झाला आणि उजवा हात गेला, तेव्हापासून दुपारचं दुकान मी बघायचे. हातानं लिहिता येईना म्हणून अण्णा डाव्या हाताच्या एका बोटानं टाईप करायला शिकले... तेही माझ्याकडून.

सात महिने रोज सकाळी बसून त्यांनी आमच्या दुकानाची गोष्ट लिहिली. त्यांचे वडील धारूरहून पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन बाजार करत यायचे, तिथपासून. दुकानाला पन्नास वर्षं होणार होती आणि त्या दिवशी ती सगळ्यांसमोर वाचायची होती. दुसरी प्रत नव्हती, कागदावर एक ओळ नव्हती.

तर फॉरमॅटच्या दिवशी एक वाजता लोडशेडिंग आणि दादा आले साडेदहाला. मी म्हटलं, थांबा, आधी मला फोल्डर हलवू द्या. ते गालात हसले, पण खुर्ची सोडली. माय डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मूव्ह, डी ड्राइव्ह... स्क्रीनवर कागद उडत इकडून तिकडे जायला लागले आणि माझी मान आपोआप ताठ झाली.

झालं म्हटल्यावर दादा लगेच फॉरमॅटला बसणार होते. पण माल हलवला की यादी लावून बघायची, ही आमच्या दुकानाची रीत. प्रत्येकाच्या फोल्डरमधल्या फायलींची नावं मी आदल्या दिवशीच वहीत उतरवली होती. एकेक टिक करत गेले. लेकीचं आलं, ह्यांचं आलं... आणि अण्णांचं फोल्डर रिकामं.

सी वर शोधलं, डेस्कटॉपवर शोधलं, कुठंच नाही. दादा म्हणाले, तुमच्या हलवाहलवीत गेली असंल वहिनी. ते फार लागलं मला. एका बोटानं केलेलं सात महिन्यांचं काम, आणि ते मी घालवलं?

अण्णा शेजारी पलंगावर शांत बसले होते. रडकुंडीला येऊन मी त्यांना सांगितलं की तुमची फाईल सापडत नाहीये.

"टोपलीत हाय की," अण्णा म्हणाले. "सगळं पुसणार म्हणलात, म्हणून सकाळी मीच ठिवली."

मला आधी कळेचना. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. दुकानात गल्ल्याखाली वेताची एक टोपली असायची. चांगले कटपीस अण्णा नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी तिच्यात बाजूला ठेवायचे. चुना मारताना अख्खं दुकान रिकामं व्हायचं, पण त्या टोपलीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. आणि इकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात टोपलीचंच चित्र... अण्णांनी आपला सगळ्यात चांगला माल नेमका रिसायकल बिनमध्ये ठेवला होता.

दादा कपाळाला हात लावून हसायला लागले. मला मात्र हसू येईना. यादी लावली नसती तर अर्ध्या तासात सगळं पुसलं गेलं असतं. फाईल रिस्टोअर केली, डी वर नेली, आणि नीट आहे ना म्हणून उघडून पार शेवटच्या पानापर्यंत गेले.

शेवटी 'दुकान चालवणारी माणसं' असं लिहून खाली नावं होती. पहिलं आजेसासऱ्यांचं, मग अण्णांचं स्वतःचं, मग ह्यांचं. आणि चौथं... सौ. महानंदा. माझं. आमच्या दुकानाच्या पाटीवर म्हणा, पत्रिकेवर म्हणा, तोवर कुठंच कुणा बाईचं नाव आलं नव्हतं.

मी मागं वळून बघितलं. डोळे भरले होते, लपवणार तरी किती.

"बघतीस काय अशी?" अण्णा म्हणाले. "खरं हाय तेच लिव्हलंय. आवर आता, लाईट जाईल."

पाऊण वाजता कॉम्प्युटर नव्यानं चालू झाला. डी ड्राइव्ह उघडला तर वहीतली प्रत्येक फाईल जागच्या जागी. दादांनी चहा घेतला आणि जाताना मूव्ह कुठून करायचं ते माझ्याकडून पुन्हा एकदा विचारून घेतलं. पुढं ते प्रत्येक गिऱ्हाइकाचं सामान आधी डी वर हलवायला लागले, हे त्यांनीच मला सांगितलं.

पन्नाशीच्या कार्यक्रमाला अण्णांनी ती गोष्ट मलाच वाचायला लावली. चौथ्या नावाशी मी अडखळले, तर समोरून ह्यांनीच ते मोठ्यानं म्हणून टाकलं.

आज अण्णा नाहीत. तेव्हापासून घरात किती कॉम्प्युटर आले आणि गेले... दर वेळी आधी ती फाईल हलवते, वहीत टिक करते, आणि शेवटचं पान उघडून चारही नावं आहेत का ते बघते.