एका दिवाळीच्या तीन आंघोळी

माझं लग्न वैशाखात झालं अन् दिवाळीला पंधरा दिवस राहिले तवा दोन्ही घरांत भांडण लागलं, भांडण म्हंजे तोंडावर कुणी कुणाला काय बोललं न्हाई, सगळं माझ्याकडनं नायतर ह्यांच्याकडनं, अन् भांडण कशावरनं तर ह्यांची आंघोळ कुठल्या मोरीत व्हणार त्याच्यावरनं.

सासर माझं जुन्नर तालुक्यात, डिंगोरं, अन् माहेर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या अलीकडं. मोटारसायकलवर सवा तास, रस्ता धड असला तर. लग्नानंतरची पहिली दिवाळी जावयानं सासरवाडीला करायची, पहाटं त्याला पाटावर बसवून तेल-उटणं लावायचं, आंघोळ घालायची, नवे कपडे द्यायचे, दिवाळसण म्हणतात त्याला, रीतच हाय. पण आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, चुलीम्होरं बसून मला म्हणल्या,

"दिवाळसण करा की, आमी कुठं नको म्हणतोय. पण पहिली आंघोळ आमच्यातच व्हईल. जन्मल्यापासून त्याच्या डोक्याला दिवाळीचं पहिलं तेल मी लावलंय, ह्याच तुळशीपाशी त्यानं कारीट फोडलंय. सून आली म्हणून काय मी मेले का?"

हे मी माहेरी सांगितलं तर आई म्हणली, "दुपारी आलेल्या जावयाला काय नुसतं जेवू घालू? जेवायला तर बारशाला बी येत्यात. गावात काय सांगू, त्यांनी जावई धुऊनच पाठवला म्हणून?"

अन् आमचे हे. ह्यांच्या तोंडात न्हाई हा शब्दच न्हाई. कुणी काय बी विचारलं की हो. आत्याबाईंना हो म्हणले, आईला बी हो म्हणले, अन् मी रडकुंडीला आले तर मला म्हणले, "त्यात काय, दोन आंघोळी करीन. दोन्ही सूर्य उगवायच्या आत. मळ काय कमी हाय का अंगावर?"

मला भ्या दुसरंच व्हतं. मला दिवस गेले व्हते अन् ते कुणालाच ठावं न्हवतं. दोन महिने होऊन वर काही दिवस. दाढ दुखतीय म्हणून सांगून मी एकटी ओतूरला गेलते अन् बाईडॉक्टरकडनं तपासून घेतलं. त्या म्हणल्या, हाय, पण जरा नाजूक हाय, तिसरा महिना सरेस्तोवर मोटारसायकलवर बसायचं न्हाई, गचका बसता कामा न्हाई. मी हो म्हणले, बाहेर आले, स्टँडवर हे घ्यायला आलते, अन् ह्यांच्या मोटारसायकलवर बसून घरी आले. हे म्हणले, दाढंचं काय? मी म्हणले, काढायची न्हाई म्हणल्या, राहू द्या म्हणल्या.

आता कुणी म्हणंल, सांगून टाकायचं की. पण आधी कुणाला? आत्याबाईंना आधी सांगावं तर आईनं जन्मभर डोळे पुसले असते, की पोटच्या पोरीनं मला परकी केली. आईला आधी सांगावं तर आत्याबाई म्हणल्या असत्या, लेकरू आमच्या घरचं अन् आमालाच शेवटी व्हय. आंघोळीवरनं एवढं तर ह्याच्यावरनं किती! अन् ह्यांना सांगावं तर दोघींपैकी जी आधी विचारंल तिला हे हो म्हणून बसणार. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच, सांगू का, कुणाला सांगू, अन् तवर दिवाळी आली बी.

धनतेरसीला माहेरी बोलावलं म्हणून गेलो. पहिल्या आंघोळीला घरी पायजेल म्हणून तसंच माघारी आलो. जाताना गचके, येताना गचके, एका हातानं ह्यांचा सदरा धरलेला अन् दुसरा पोटावर. "हळू घ्या ना," म्हणलं की हे "हो" म्हणायचे अन् तेवढ्यात खड्डा यायचा. ओझरच्या गणपतीचा फाटा आला की जोडायला हात रिकामा नसायचा, मी नुसती मान वाकवायची. म्हणायची, विघ्नहर म्हणत्यात ना तुला, मंग एवढं पोटातलं राहू दे, बाकीचं मी बघते. बाकीचं काय बघणार व्हते ते माझं मला ठावं न्हवतं.

आंघोळीच्या दिवशी आत्याबाईंनी चारला उठवलं. ह्यांना पाटावर बसवलं, तेल जिरवलं, उटणं लावलं, बंबातलं कढत पाणी घातलं. ह्यांनी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, आत्याबाईंनी ओवाळलं, डोळ्याला पदर लावला. "झाली बाई पहिली आंघोळ," असं माझ्याकडं बघून म्हणल्या. अन् हे अंग पुसायच्या आत गाडीला किक मारायला पळाले, का तर साडेसहाच्या आत माहेरी दुसरी पहिली आंघोळ.

थंडी ही एवढी. दोन्ही बाजूंनी ऊस. बिबट्या असतो म्हणून हे मोठमोठ्यानं आरती म्हणत चाललेले, अन् ह्यांच्या मानंवरनं उटण्याचा असा वास सुटलेला की बिबट्याला अख्ख्या उसात सापडले असते. मला त्या वासानं मळमळाय लागलं. ओझरच्या अलीकडं आलो अन् ह्यांनी एकदम ब्रेक मारला. गचका. माझा जीव गेला.

"अगं, वास," हे म्हणले. "तुझ्या आईला कळंल की मी आंघोळ करून आलोय."

रस्त्याला लागून एक गोठा व्हता, बल्ब लागलेला, म्हातारा-म्हातारी धारा काढत बसलेले. हे सरळ आत.

"बाबा, चुलीतली थोडी राख मिळंल का?"

"राख? भांडी घासायला?"

"अंगाला लावायला."

म्हाताऱ्यानं नुसतं बोट दाखवलं. ह्यांनी राख घेतली, तोंडाला लावली, मानंला लावली, दंडाला लावली, मंग गव्हाणीतला चारा मूठभर डोक्यात चोळला, वर गोठ्यातली माती. म्हाताऱ्यानं धार काढायची थांबवली.

"काय राव, काय चाललंय काय?"

"आंघोळ काढतोय."

"घातलेली आंघोळ निघती व्हय?"

"बघा तुमीच. अजून वास येतोय का?"

म्हातारा उठला, ह्यांच्या मानंजवळ नाक नेलं. "कानामागं येतोय जरा," म्हणला.

एवढं बघितलं अन् मला ओकारी आली. शेण, दूध, राख, उटणं सगळं एक झालं. कडब्याच्या गंजीचा आधार घेऊन मी ओकले, अन् ओकता ओकता ओटीपोटात अशी कळ आली की मी खालीच बसले. गेलं. माझ्या मनात दुसरं काय आलंच न्हाई. गेलं म्हणलं, माझ्या न बोलण्यापायी गेलं. म्हातारीनं किटली खाली ठेवली, माझ्याजवळ बसली, पाठीवरनं हात फिरवला अन् हळूच म्हणली,

"कितवा?"

आई न्हाई, आत्याबाई न्हाई, ज्या बाईचं मी तोंड बी कधी बघितलं न्हवतं तिला मी सांगून टाकलं. "तिसरा लागलाय."

"अन् ह्यानं तुला फटफटीवर आणली? अन् हा येडा राख फासत बसलाय?"

हे गव्हाणीपाशी तसेच उभे, तोंड पांढरं, डोक्यात चारा. मला म्हणले, "तिसरी? तिसरी दाढ?"

म्हातारी म्हणली, "दाढ न्हाई रं बाबा, लेकरू."

हे मटकन म्हशीशेजारीच बसले.

म्हाताऱ्याकडं दुधाच्या कामापायी फोन व्हता. नारायणगावच्या बाईडॉक्टर त्यांचंच दूध घ्यायच्या, त्यांना फोन लावला. मंग ह्यांनी घरी फोन केला अन् घाबरून आत्याबाईंना नुसतं म्हणले, "ती आजारी पडलीय, ओझरला गोठ्यात हाय." माहेरच्या वाडीत दुकानात फोन व्हता, तिथं निरोप दिला, "ओझरला गोठ्यात अडकलोय, आंघोळीला येणं अवघड हाय." आंघोळ केलीय ते सांगायचं धाडस तवा बी झालं न्हाई.

म्हातारीनं मला आतल्या बाजंवर आडवी केली, वर वाकळ टाकली. मी डोळे मिटून नुसती पोटाशी बोलत व्हते. डॉक्टरबाई स्कूटरवर आल्या, दारात राखेतल्या माणसाला बघून दचकल्या, मला तपासलं. लई वेळ तपासलं असं मला वाटलं. मंग म्हणल्या, "हाय, हाय, घाबरू नको. पण आठ दिवस ह्या बाजंवरनं हलायचं न्हाई. माहेर न्हाई, सासर न्हाई, काय न्हाई."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. माझ्या भावाचा कांद्याचा टेम्पो. बघते तर मागं आई उभी, हातात पाट, अन् तिच्या शेजारी आमचा तांब्याचा बंब, पेटलेला, धूर निघतोय. जावयाचं येणं अवघड हाय म्हणल्यावर तिनं आंघोळच टेम्पोत घातलेली. म्हणली, "सूर्य उगवला न्हाई अजून, कुठंयत पावणं?" अन् त्या टेम्पोच्या मागोमाग डिंगोऱ्याची जीप. आत्याबाई उतरल्या, लेकाला बघितलं अन् किंचाळल्या, "अरं, पहाटं तुला घासून काढला की मी!"

आईनं ऐकलं. "म्हंजे आंघोळ झालीय ह्यांची?"

म्हातारा म्हणला, "झाली व्हती, पण त्यांनी ती काढली. मी साक्षीला हाय."

मंग म्हातारीनं दोघींना आत बोलावलं अन् माझ्याबद्दल सांगितलं. मी वाकळंत तोंड घातलं. वाटलं, आता सुरू व्हईल. आईचा आवाज आला, रडका, "मला का न्हाई गं सांगितलंस?"

आत्याबाई म्हणल्या, "म्हंजे विहीणबाई, तुमाला ठावं न्हवतं?"

"न्हाई की. तुमाला?"

"मला कोण सांगतंय."

मी वाकळंतनं एक डोळा बाहेर काढला. दोघी एकमेकींकडं बघत व्हत्या, अन् देवाशपथ सांगते, दोघींची तोंडं अशी निवांत झाली की जसं दोघींच्या डोक्यावरनं हंडा उतरवला. आपल्याला सांगितलं न्हाई त्याचं दुःख राहिलंच न्हाई, हिला बी सांगितलं न्हाई ना, मंग झालं. आईनं माझे पाय चेपायला घेतले, आत्याबाई उशाशी बसून केसांतनं हात फिरवाय लागल्या. एवढ्यासाठी मी पंधरा दिवस जीव मुठीत धरून गचके खाल्ले व्हते.

"मंग आधी सांगितलं कुणाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"मला," म्हातारी म्हणली. "अन् ते बी मी विचारलं म्हणून."

बाहेर आंबेगावचं पाणी जुन्नरच्या गोठ्यात तापत व्हतं. ह्यांना अंगणात पाटावर बसवलं. आई उटणं घेऊन पुढं झाली, आत्याबाई तेलाची वाटी घेऊन पुढं झाल्या, अन् परत दोघी थांबल्या, आधी कोण. म्हातारीनं वाटी काढून घेतली. "गोठा माझा, राख माझी, पहिलं तेल बी माझंच." मंग तिनं लावलं, मंग आईनं, मंग आत्याबाईंनी. हे डोळे मिटून सगळ्यांना हो हो म्हणत व्हते. बाजंवरनं मला सगळं दिसत व्हतं. मी हसले तर पोटात दुखंल म्हणून हसायची बी भीती वाटत व्हती.

आठ दिवस मी तिथंच राहिले. आमची पहिली दिवाळी ना सासरी झाली ना माहेरी. लक्ष्मीपूजन म्हाताऱ्याच्या दुधाच्या किटल्यांम्होरं केलं, पाडव्याला ह्यांना बाजंवर बसूनच ओवाळलं, भाऊबीजंला भाऊ टेम्पो घेऊन तिथंच आला. आई एका दिवशी यायची, आत्याबाई दुसऱ्या दिवशी, अन् पुढं पुढं दोघी एकाच दिवशी यायला लागल्या, एकमेकींच्या चकल्या मोडून बघायच्या, मोहन जास्त झालंय का कमी. म्हाताऱ्यांना लेकरू न्हवतं. मी निघाले तवा म्हातारीनं माझी ओटी भरली अन् ह्यांना म्हणली, "पावणं, दिवाळसण आमच्या घरी झालाय, ध्यानात ठेवा. दर दिवाळीला यायचं."

हे काय म्हणले असतील ते सांगायला नकोच.

उन्हाळ्यात मुलगी झाली, चांगली तीन किलोची. आता ती तिसऱ्या वर्षात हाय, उंबऱ्याला अडखळली तरी माझ्या पोटात तसाच गचका बसतो. अन् दिवाळीचे आता दोन न्हाई, तीन वाटे व्हत्यात. पहाटेची आंघोळ ओझरच्या गोठ्यात, ह्याच्यावर दोन्ही विहिणी राजी झाल्यात, कारण ती तिसऱ्याच घरी व्हते. दोघी आदल्या दिवशीच तिथं येऊन बसत्यात. आई बंब आणते.

यंदा दिवाळीला महिना राहिलाय. परवा मी दाढ दुखतीय म्हणून ओतूरला जाऊन आले. ह्यावेळी यष्टीनं गेले अन् यष्टीनं आले. संध्याकाळी भाकरी करत व्हते तर हे चुलीपाशी येऊन बसले अन् म्हणले, "दाढ काढायचीय का राहू द्यायचीय?"

"राहू द्या म्हणल्या," मी म्हणले.

हे उठले. मोटारसायकल ढकलत घरामागच्या छपरात नेऊन लावली, तिच्यावर पोतं टाकलं, अन् चावी आणून माझ्यासमोर पिठाच्या डब्यात खोल खुपसली. तेवढ्यात फोन वाजला. ओझरची म्हातारी व्हती, आमी धनतेरसीलाच येणार ना म्हणून विचारत व्हती.

"न्हाई," हे म्हणले. "यंदा तुमीच सगळे इकडं या."

ह्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, अन् माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली.