पत्रिकेतला इंजिनिअर

आमच्या कर्जत भागात नवरदेवाच्या नावाखाली पदवी छापली नसेल, तर ती लग्नपत्रिका लोकांना उघडीबोडकी वाटते. बी. ए., बी. कॉम., आणि अगदीच काही नसेल तर 'बी. ए. द्वितीय वर्ष'. म्हणजे तिसऱ्या वर्षाला गडी आडवा झाला, हे त्यातच आलं. पण छापणाऱ्याला लाज नाही आणि वाचणाऱ्याला हसू येत नाही.

मी दहावीनंतर आयटीआयला गेलो. तिथली दोन वर्षं झाल्यावर केडगावात एका मिस्तरीच्या हाताखाली मोटारी भरायला शिकलो. मोटार भरायची म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार मोजून वेढे देत बसवायची. एक वेढा चुकला तर मोटार तापते आणि शेतकरी तुमच्या सात पिढ्या उद्धरतो. तिथं गुणपत्रिका लगेच मिळते.

त्याच काळात माझा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला होता. इलेक्ट्रिकल. चार वर्षांचं शिक्षण त्यानं सहा वर्षं चवीनं खाल्लं. पास झाला तेव्हा चुलत्यांनी चौकात त्याचा गॉगल घातलेला फ्लेक्स लावला, शाल-नारळ झालं, भाषणं झाली. मग साहेब स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेले ते अजून अभ्यासच करतायत. एकदा सुट्टीला आला असताना त्याचा मला फोन आला, मोटार फिरतेय पण पाणी पडत नाही.

"उलटी फिरत असंल," मी म्हणालो. "मेन स्विच बंद कर आणि तीनातल्या दोन वायरींची अदलाबदल कर."

"कुठल्या दोन?"

"कुठल्या बी दोन."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. कुठल्याही दोन वायरी बदलल्या की मोटार सुलटी फिरते, सहा वर्षं घासलेल्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं! तरी गावात तो 'साहेब' आणि मी 'मोटारवाला'. तोवर मी केडगावातच मोटारी भरायचा स्वतःचा गाळा टाकला होता; हाताखाली पाच माणसं होती, त्यातली दोन डिप्लोमावाली. पण गाळ्यात फ्लेक्स लावत नाहीत, त्यामुळे गावाला ते कळायला मार्ग नव्हता.

माझं लग्न जमलं तेही मोटारीमुळंच. शेवगावकडचे एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आले, काम होईपर्यंत स्टुलावर बसून माझे हात बघत राहिले आणि जाताना माझं गाव, घर विचारून गेले. महिन्याभरात आम्ही त्यांची मुलगी बघायला गेलो. मुलगी बी. एस्सी. झालेली. काही विचारायचं असलं तर विचार, असं तिचे वडील तिला म्हणाले, तर तिनं विचारलं, "मोटार जळते म्हंजे आत नेमकं काय हुतं?" मी सांगत सुटलो, पोहे गार झाले. तिनं होकार दिला.

मग पत्रिका छापून आल्या. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'बी. ई. इलेक्ट्रिकल'.

माझं डोकंच फिरलं. वडिलांना म्हणालो, "हे कुणी घातलं?"

"मी. पोरगी बी. एस्सी. हाय. खाली मोकळं ठिवून कसं चालंल?"

"मग आयटीआय छापायचं."

"आयटीआय कुनी छापतं व्हय?"

"दुसऱ्या छापून घेऊ. खर्च मी करतो."

"पयली पत्रिका देवाफुडं ठिवली म्या. आता बदलायची न्हाई. अपशकुन हुतो."

म्हणजे खोटं बोलायचं यांनी आणि साक्षीला देव! हळद-कुंकू वाहिलं की थाप पण पवित्र होते. मी आईपाशी, मित्रांपाशी आठ दिवस तोंडसुख घेतलं. पदवीची हाव, पोकळ मोठेपणा, सगळ्यांची यथेच्छ धुलाई केली. पत्रिका मात्र वाटल्या गेल्या.

एक पत्रिका तिच्या घरीही पोचली. तिचा फोन आला.

"हे बी. ई. कोन?"

मी देवाची, अपशकुनाची सगळी हकिगत सांगितली.

"छापलेलं राहू द्या. पन लग्नात माईकवर नावं पुकारत्यात ना, तिथं एकदा तोंडानं सांगा, मी आयटीआय झालोय, मोटारी भरतो म्हनून. मला खोटारड्याच्या घरात नांदायचं न्हाई. तुमाला तुमच्या कामाची लाज हाय का न्हाई, एवढंच मला बघायचंय."

"सांगतो की! त्यात काय?" मी म्हणालो. मला खरंच त्यात काही वाटलं नव्हतं.

आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांआधी एक निवेदक तासभर माईक सोडत नाही. आमदारांपासून सोसायटीच्या संचालकांपर्यंत सगळ्यांचं स्वागत करून तो माझ्याकडे वळला. "आणि आपले आजचे नवरदेव, इंजिनिअर..." मांडवात टाळ्या पडल्या. माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. वडील फेटा सावरत ताठ उभे होते. पहिल्या रांगेत चुलतभाऊ गालात हसत होता. ती समोर हार घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी हात जोडले. सगळ्या मांडवाला नमस्कार केला, आणि हसलोसुद्धा.

तिनं मान खाली घातली. मग मध्ये अंतरपाट आला.

जगाच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरणाऱ्याला आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नाही, ते असं. वडिलांनी निदान उघडपणे खोटं छापलं होतं. मी ते फुकटात मिरवलं.

लग्नानंतर ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. सगळ्यांशी नीट वागायची, माझ्याशीही. ते मला जास्त लागायचं. शेवटी मी पेंटर बोलावला आणि केडगावच्या गाळ्यावर नवा बोर्ड रंगवून घेतला. माझं नाव, आणि नावाखाली त्याहून मोठ्या लाल अक्षरांत 'आयटीआय'. रविवारी तिला मोटारसायकलवर बसवून मुद्दाम दाखवायला नेलं. ती उतरली, पदर सावरला, बोर्ड वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"हितं कशाला लिवलं?" ती म्हणाली. "हितं येनाऱ्या समद्यांना ठावंच हाय."