पासष्टाव्या वर्षाचं काम

यवतमाळ जिल्ह्यात शंभर वर्षं जगायची पक्की तयारी करून बसलेला एकच माणूस मी पाहिला, आणि ते निघाले आमचे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोरी अरबला पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर पेरणारे शेतकरी. तुमच्याआमच्यासारखी माणसं फार तर पुढच्या दिवाळीपर्यंत पाहतात. मी तर मास्तर, मला रविवार दिसला की पुरे. पण या गृहस्थांनी ब्याण्णवाव्या वर्षी गोड कमी करायचं हे सदतिसाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं, आणि तोवर हरकत नाही म्हणून ते ताटभर जिलबी घ्यायचे. मी त्यांना फार हसलो. इतका हसलो की आज हे लिहिताना मान वर होत नाही, पण ते पुढे येईलच.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची गोष्ट. दारव्ह्याला आमच्या शाळेत कोणी साहेब पंचवार्षिक योजनेवर भाषण द्यायला आले होते. साडभाऊ बैलबाजाराला आलेले, तेही मागे येऊन बसले. भाषण संपल्यावर मला म्हणाले, “मास्तर, एवढं मोठं सरकार, अन् पाचच वर्षांचं पाहून राह्यलं? मंग सहाव्या वर्षी काय करन ते?” आणि घरी जाऊन त्यांनी एका वहीत स्वतःची त्रेसष्ट वर्षांची योजना लिहिली. वयाच्या शंभरीपर्यंत प्रत्येक वर्षाला काही ना काही काम नेमून दिलं. एकही काम एक दिवस अलीकडे ओढायचं नाही, हा कायदा.

नव्वदीनंतर वाचायला म्हणून त्यांनी पुस्तकं काढून ठेवली होती, तेव्हा डोळे तोवर टिकायला हवेत. त्यावर उपाय असा, की एक दिवस डावा डोळा वापरायचा, एक दिवस उजवा, आणि ज्याची सुट्टी त्यावर रुमाल बांधायचा. बाजारात एका बाईनं विचारलं, डोळा आला का जी? तर म्हणाले, “नाही बाई, आज त्याले सुट्टी आहे.” एकदा आमचे सासरेबुवा नेमके रुमालाच्या बाजूनं आले, साडभाऊंचा रामराम काही झाला नाही, आणि सासरेबुवा महिनाभर फुगून बसले. गुडघ्यांचीही तीच तऱ्हा. सत्तराव्या वर्षी पांढरकवड्याच्या सडकेनं पायी हैदराबादला जायचं होतं, म्हणून मांडी घालून गुडघे झिजवायचे नाहीत. पंगतीत पाटावर पाट रचून ते उंच बसायचे, आणि वाढप्याला भाजी वरच्या मजल्यावर पोचवावी लागायची. मी विचारलं, भाऊ, हैदराबादला काम काय तुमचं? “काम कायले लागते? तवा मले फुरसत राहीन.”

रागाचंही वेळापत्रक होतं. बावन्नला राग अर्धा करणे, पंचावन्नला पूर्ण बंद. एकदा सालदार गड्यानं बैल नीट बांधले नाहीत आणि ते शेजाऱ्याच्या तुरीत शिरले, तेव्हा साडभाऊ असे कडाडले की मीच चहाची बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, “अजून सतरा वर्षं हक्क आहे मले, तवर करून घेतो.”

तर ही वही त्यांनी एक दिवस माझ्या हातात दिली. “मास्तर, कागद पातळ आहे, शंभरापर्यंत टिकत नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे. जाड वहीत उतरून द्या. अन् हे तुमच्यामाझ्यात राहू द्या, लोकाईले सांगू नका.” मी हो म्हटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत उतरवलंही, मग कंटाळा आला आणि वही पिशवीत पडून राहिली. त्याच पिशवीसकट मी फुलसावंगीला, आमच्या सासुरवाडीला गेलो. धाकट्या मेहुणीचं लग्न होतं.

नवरदेवाचा ट्रक वाटेत बंद पडला. मुहूर्त टळून चालला, मांडवात माणसं जांभया देऊ लागली, आणि कोणीतरी म्हणालं, “मास्तर, होऊ द्या काही.” झालं! मला कोणी होऊ द्या म्हटलं की माझं भान सुटतं. मी वही काढली आणि साडभाऊंचा आवाज काढून वाचायला लागलो. “पंचेचाळीस: पोहणे शिकणे. सत्तेचाळीस: पेटी शिकणार असल्याची शेजाऱ्यांना कल्पना देणे. अठ्ठेचाळीस: पेटी शिकणे.” मांडव हसून हसून लोळत होता. बायका तोंडाला पदर लावून, सासरेबुवा मांड्यांवर थापा मारून. मला चेव चढला. “पन्नास: मुंबई आपल्या राज्यात आल्यामुळे समुद्रही आपलाच झाला आहे, तरी बायकोला नेऊन तो दाखवणे. तिला आधी सांगू नये.”

ताई, म्हणजे साडभाऊंची बायको, समोरच बायकांत बसली होती. आधी तीही सगळ्यांबरोबर हसली. मग हसता हसता तिला कळलं की आपल्याबद्दल आहे, आणि तिनं मान खाली घातली. मांडवाच्या खांबापाशी साडभाऊ उभे होते. कधीपासून उभे होते देव जाणे. त्यांनी येऊन हात पुढे केला. “बास मास्तर. वही द्या.” मी दिली. त्यांनी डाव्या डोळ्यावरचा रुमाल सोडला, घडी करून खिशात ठेवला, आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग करायचा त्यांचा हक्क अजून सोळा वर्षं शाबूत होता. त्यांनी तो वापरला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

नवरदेव आला, लग्न लागलं, पंगत बसली. साडभाऊ एकाच पाटावर मांडी घालून जेवले.

पुढं आठ महिने बोलणं नाही. बायको बोरीला जाऊन आली की मला ऐकवायची. “काय बाप्पा केलं तुमी! भाऊजी आता दोन्ही डोळ्यांनी पाहून राह्यले. पोहण्याचं नाव नाही, पेटीचं नाव नाही. चारचौघांसारखे झाले.” एका माणसाची उरलेली एकसष्ट वर्षं मी घटकाभराच्या टाळ्यांसाठी उधळून दिली होती. माफी मागायला म्हणून मी चार वेळा सायकल काढली आणि चारही वेळा अर्ध्या वाटेतून परतलो. कधी ऊन फार, कधी चाकात हवा कमी, कधी पेपर तपासायचे राहिलेले. खरं कारण एकच, तोंड नव्हतं.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या दारात बैलबंडी थांबली. साडभाऊ उतरले, हातात तीच वही. ओसरीवर बसले आणि मी न वाचलेलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. “पासष्ट: मास्तरांशी तोवर कधी ना कधी बिनसलं असेलच. आपण आधी जाऊन बोलणे.”

सदतिसाव्या वर्षी लिहिलेलं होतं हे. माझ्या हातून काही होण्याच्या कितीतरी आधी.

“एकही काम अलीकडे घेत नाही मी, तुमाले माईत आहे,” ते म्हणाले. “पासष्टपर्यंत थांबणारच होतो. मंग मनात आलं, तवर हा माणूस राहते का नाही? तुमी तं तंबाखू खाता.”

मी तंबाखूची चंची मांडीखाली सरकवली. ते म्हणाले, “आता पासष्टची जागा रिकामी झाली. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुमीच भरा.” मी टाक घेतला. अक्षर काही चांगलं आलं नाही. लिहिलं, “पासष्ट: मास्तरांनी माफी मागणे.”

साडभाऊंनी वही दूर धरली. जरा घुटमळले. मग एक डोळा तळहातानं झाकला आणि दुसऱ्यानं सावकाश वाचलं. “ठीक आहे,” म्हणाले. “पण मंग आज मागू नका. जवाचं काम तवा. अजून सव्वीस वर्षं आहेत, घाई नाही.” आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळ्यावर बांधला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

आता त्यांना एकोणपन्नासावं चालू आहे. पोहणं झालं, पेटी चालू आहे, शेजाऱ्यांना वर्षभर आधी कल्पना दिलेली होती. पुढच्या वर्षी समुद्र. ताईला काहीच ठाऊक नाही. म्हणजे तिनं तसं ठरवलंय. भर मांडवात ऐकलेली गोष्ट ती इतकी वर्षं न ऐकल्यासारखी करते. मी मात्र भेटलो की अजूनही न राहवून तोंड उघडतो, “भाऊ, ते फुलसावंगीचं...” ते एका डोळ्यानं माझ्याकडे पाहतात आणि बोट वर करतात. “अजून नाही, मास्तर.”

सोळा वर्षं उरली आहेत. तंबाखू मी त्याच रविवारी सोडली. ते पासष्टला असतीलच, त्यांची मला काळजी नाही. मला राहायला हवं.