सायलीच्या सायकलीचं फ्रीव्हील

रविवार, १४ डिसेंबर. लातूर. पहाटे हात खिशाबाहेर काढवत नव्हते अशी थंडी, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही.

आमच्यात कुणी एकदा ‘फ्रीव्हील’ हा शब्द काढला की चहा गार होतो. एकाचं सांगून होतं न होतं तोच दुसरा म्हणतो, “हे तर काहीच न्हाई!” असे किस्से साठत जातात. मला रोज झोपण्याआधी दोन-चार ओळी लिहायची सवय आहे, त्यामुळे ते माझ्याजवळ जरा जास्तच साठलेत.

आमच्यात म्हणजे चौघांत. मी नांदेडच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. बिरादार सर देगलूरला गणित शिकवतात. जमीलभाईंचं नांदेडला सायकलचं दुकान. आणि चौथी सायली, माझी भाची. लातूरला फार्मसीला आहे, आणि खरी सायकल चालवणारी तीच. बिरादार सर हौसेपुरते चालवतात. आम्ही उरलेले दोघं बहुतेक वेळ बघतो आणि बोलतो.

सायकलही साधी नाही. तिला सीट नसते! ट्रायल्स म्हणतात या खेळाला. दगड, ओंडके, सिमेंटचे पाइप असं काहीबाही मांडलेलं असतं, त्यावरून उड्या मारत जायचं आणि पाय टेकवायचा नाही. जागच्या जागी मागच्या चाकावर उभं राहायचं, पायडलवर सगळं अंग टाकायचं आणि समोरच्या दगडावर जायचं.

ते पायडल धरून ठेवतं फ्रीव्हील. पायडल मागे फिरवलं की जे टर्रटर्र वाजतं, ते. आत दात असतात आणि छोट्या खिट्ट्या असतात. दुकानात त्या खिट्ट्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पुढे दाबलं की कुत्रे दातांत अडकतात आणि चाक ओढतात. ऐन उडीच्या वेळी ते अडकले नाहीत, तर पाय रिकामा खाली जातो आणि तोंड हँडलवर येतं.

सायलीचं आलं होतं.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. सायकल मीच तिला दिवाळीला आणून दिली होती. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर तिनं उडी घेतली आणि फ्रीव्हील सटकलं. समोरचे दोन दात गेले.

मी लातूरला पोचलो तेव्हा ती तोंडाला ओला टॉवेल लावून बसली होती. मला पाहून टॉवेल बाजूला करून म्हणाली, “मामा, उडी बरोबर होती.”

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. आक्का भांडत नाही. ती बाकीच्यांचं होऊ देते आणि मग बोलते. मी पुष्कळ बोललो. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, डॉक्टर, नवे दात. ते संपल्यावर आक्का म्हणाली, “परकाश, ही आपल्या चुकीनं पडली तर मी हळद लावीन. शंभरदा लावीन. पण ते लोखंड चुकलं आन् ही पडली, तर त्याच दिवशी सायकल भंगारात. मग तू न्हाई बोलायचं, ही न्हाई बोलायचं.”

सायलीनं मान हलवली. मीही हलवली.

त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच काम होतं. सटकणार नाही असं फ्रीव्हील शोधायचं.

*

जमीलभाईंशी माझी जुनी ओळख, पण ट्रायल्सची सायकल त्यांनी पाहिली नव्हती. मी ती दुरुस्तीला घेऊन गेलो, तर त्यांनी ती स्टँडवर घेतली, फिरवली, चष्मा वर केला आणि मला आत बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, “भाईजान, कुणी विकली ही तुम्हाला?”

“का?”

“सीट काढून घेतली. आन् फ्रीव्हील मागचं काढून पुढं पायडलला ठोकलंय. पोलिसांत जायचं तर मी साक्षीला येतो!”

या सायकलींचं फ्रीव्हील पुढेच असतं, हे त्यांना पटवायला मला मोबाइलवर तीन व्हिडिओ दाखवावे लागले. तिसरा पूर्ण बघून झाल्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, “म्हणजे चूक न्हाई. हौस हाय.”

आणि तेव्हापासून ते आमच्यात आले.

*

आमच्यात एक रीत पडली आहे. फ्रीव्हील ज्यानं निवडलं, त्यानंच आधी त्या सायकलवर चढायचं. सायलीचा पाय नंतर. ही रीत बिरादार सरांनी काढली आणि पहिली त्यांच्यावरच उलटली, तीही जमीलभाईंमुळे.

जानेवारीत सरांनी एक चांगलं जाडजूड फ्रीव्हील निवडलं. जमीलभाईंनी ते खोललं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आत गेली की संपलंच, म्हणून त्यांनी आत ग्रीस भरलं. थोडंथोडकं नाही. पुरणपोळीत पुरण भरावं तसं. दुपारी दुकानासमोर सरांनी उड्या मारून पाहिल्या. झकास. आवाजसुद्धा नाही! जमीलभाई म्हणाले, “बघा, कसं शांत झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही नदीकाठच्या मैदानावर गेलो. सर अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पँट मोज्यांत खोचलेली, अशा अवतारात चढले. एक उडी, दुसरी उडी, आणि तिसरीला पायडल रिकामं गेलं. सर सरळ पुढे मातीत.

थंडीनं ग्रीस घट्ट झालं होतं. कुत्रे त्यात रुतून बसले होते. दुपारच्या उन्हात मोकळे फिरत होते, सकाळी उठायलाच तयार नव्हते.

आम्ही धावलो. सर पालथेच होते. मातीत तोंड ठेवूनच, आपल्या देगलूरच्या कानडी वळणानं म्हणाले, “येनप्पा जमील, रजई पांघरून निजवलंस काय यांना?”

जमीलभाई हसले नाहीत. त्यांनी सरांना उठवलं, मफलर झटकून दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “इथं आज पोरगी असती.”

त्या दिवसापासून ग्रीस बंद, पातळ तेल सुरू.

*

यानंतर सरांनी हिशेब मांडला. म्हणाले, एका फेरीत जेवढे खटके, म्हणजे कुत्रे अडकायच्या जागा, जास्त, तेवढं पायडल लवकर पकडणार. लवकर पकडलं तर सटकायला जागाच उरत नाही. हे ऐकायला इतकं बरोबर वाटलं की आम्ही एकशे आठ खटक्यांचं फ्रीव्हील मागवलं. रीतीप्रमाणे सर आधी चढले. उतरून म्हणाले, “पैकीच्या पैकी!”

ते लातूरला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सायकल एसटीच्या टपावर गेली, फ्रीव्हील मात्र मी काढून जवळ ठेवलं. नवं फ्रीव्हील जरा फिरवून मोकळं करावं, म्हणून एसटीत बसल्या बसल्या मी ते हातात घेऊन हळूहळू फिरवत होतो. शेजारी धोतरातले एक आजोबा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी आपला फिरवतोय. चाकूरच्या अलीकडे त्यांना राहवेना.

“माळ हाय काय?”

“न्हाई आजोबा, सायकलचं हाय.”

“मग मोजून काय राहिलाव?”

“खटके. एका फेऱ्यात एकशे आठ हायत.”

आजोबांनी पायातली चप्पल काढली आणि हात जोडले. उतरताना म्हणाले, “चालू द्या. कंडक्टर आला तरी थांबू नका!”

सायलीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. नवे दात बसल्यावर मी तिला पहिल्यांदाच तोंडावर हात न ठेवता हसताना पाहिलं.

पण ते फ्रीव्हील टिकलं नाही. मी तिला फक्त बुटक्या दगडांवरच चालवायला सांगितलं होतं. गणपतीत लातूरला गेलो तेव्हा खोलून पाहिलं. एवढे दात बसवायचे म्हणजे ते बारीकच करावे लागतात. पावसाळ्याचा चिखल आणि रोजच्या उड्या, दातांची टोकं झिजून गोल झाली होती. सटकलं नव्हतं. सटकणार होतं.

मी ते रुमालात बांधून देगलूरला नेलं. सर ओसरीवर पेपर तपासत होते. भिंगातून त्यांनी ते खूप वेळ पाहिलं. मग लाल पेन उचललं, रुमालाच्या कोपऱ्यावर भोपळा काढला आणि त्याखाली सही केली.

*

नोव्हेंबरमध्ये कळलं की लातूरजवळ एका जुन्या खडीच्या खाणीत ट्रायल्सची स्पर्धा आहे. छोटीशीच. सायलीनं नाव दिलं. आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, “माझं म्हणणं मी सांगितलेलं हाय.”

आता निवडायची पाळी माझी होती.

मी एवढंच ठरवलं: दात कमी चालतील, पण जाड हवेत. कुत्रे दणकट हवेत, आणि प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग हवी, म्हणजे एक रुसला तरी बाकीचे काम करतील. आणि खोलून आत बघता येईल असंच हवं. जे खोलता येत नाही, त्यावर सायलीला चढवायचं नाही. असं शोधत शोधत दोन उरली. दोन्ही बहात्तर खटक्यांची. मी दोन्ही खोलली, धुतली, तेल घातलं, पहाटे अंगणात गार पडू दिली आणि कानाशी धरून ऐकली. फरक सापडेना.

शेवटी दोन्ही घेऊन लातूरला गेलो आणि आक्कापुढे ताटात ठेवली. वाटलं, तिच्या हातून ठरलं तर बरं.

आक्का भाजी निवडत होती. तिनं ताट माझ्याकडे परत सरकवलं.

“मला लोखंडातलं कळत न्हाई. मला पोरीचं तोंड कळतं. तू निवड.”

मी त्यातलं एक उचललं. का तेच, हे मला सांगता येणार नाही.

रीतीप्रमाणे मग मी चढलो! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर भाचीचं गुलाबी हेल्मेट, आक्काच्या गल्लीत सीट नसलेल्या सायकलवर. समोरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भाऊजी, बसायचं राहिलं हो!”

मी पायरीपाशी पायडलवर जमेल तेवढा जोर टाकून पाहिला, शाळेत रजा टाकून, रोज, आठवडाभर. मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा माझ्याच चुकीनं. आक्का ओट्यावरून बघत होती. हळद मात्र तिनं लावली नाही.

*

आज सकाळी खाणीत पोचलो तेव्हा जमीलभाई आणि सर आधीच आले होते. आणि मागच्या रिक्षातून आक्का उतरली. ती येणार असल्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सायली उडी मारताना तिनं आजवर एकदाही पाहिलं नव्हतं.

एका मोठ्या पाइपावरून दुसऱ्यावर जायचं होतं. मध्ये मोकळी जागा, खाली खडी. प्रत्येकाला दोन प्रयत्न. सायली पहिल्या पाइपावर चढली, मागच्या चाकावर उभी राहिली, डुललीसुद्धा नाही. उडी घेतली.

मागचं चाक काठाला लागून घसरलं आणि ती सायकलसकट खडीत कोसळली.

सर माझा दंड धरून होते. मी पळालो, पण आक्का माझ्या आधी पोचली होती.

सायली उठून बसली. डाव्या कोपरातून रक्त येत होतं. तोंडाला काही झालं नव्हतं. म्हणाली, “आई, माझंच चुकलं. ब्रेक उशिरा सोडला.”

आक्कानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हिला सायकल वाचवायचीय. ही काहीबी म्हणंल. उभी कर ती.”

मी सायकल उभी केली.

“हलू देऊ नको.”

मी मागचा ब्रेक गच्च दाबून धरला. आक्कानं निऱ्या वर खोचल्या, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, चपलेसकट पाय पुढच्या पायडलवर ठेवला आणि सगळी त्यावर उभी राहिली. पायडल जागचं हललं नाही. मग तिनं अंग उचलून आदळलं. पुन्हा आदळलं. खाणीतली सगळी माणसं बघत होती. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर टाकला.

मग ती खाली उतरली, पदरानं कपाळ पुसलं आणि सायलीला म्हणाली, “ब्रेक कधी सोडायचा असतो?”

“पायडल दाबायच्या वेळीच.”

“मग सोड की.”

दुसऱ्या प्रयत्नात सायली पाइप ओलांडून गेली. पुढच्या ओंडक्यावर तिचा पाय टेकला. सात जणांत पाचवी. डाव्या कोपराला तीन टाके. फ्रीव्हील सटकलं नाही.